माह्या नावावरच्या विकेटा

ट्वेंटी-ट्वेंटीच्या वर्ल्ड कपात आपल्याच टीमच्या चार-पाच विकेटा मी घेतल्या, असं आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसायचं मत होतं. हसू नका. माह्या पोटच्या पोराचंही तेच मत. तो कॉलेजात विज्ञान शिकवते, अन् आई बैठकीत आली की विकेट जाते असं मानते.

आमचं घर सोनाळ्याले. क्रिकेट मले नवं नाही. लग्न झाल्यावर माह्या मालकानं मले पहिल्यांदा काही शिकवलं असंल, तं ते एलबीडब्ल्यू. बांधावर रेडिओ लावून आम्ही दोघं निंदत राहो, अन् आता फिरकीवाल्याले आणतीन हे मीच त्यायले आधी सांगे. ते जाऊन तीन वर्सं झाली. तवापासून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, नवरीची ओटी भराले मले कोणी पुढं करत नाही. ते मी गिळलं. मॅच तरी माही होती.

मॅचच्या दिवशी आमच्या बैठकीत जो जिथं बसला असंल तिथून त्यानं हालायचं नाही, असा दंडक. पहिला सिक्स गेला तवा जावई तुरीच्या पोत्यावर बसले होते, तं बिचारे अख्खा वर्ल्ड कप त्याच पोत्यावर. पुतण्यानं निळी जर्सी धुऊ देली नाही, वास मारे. मी सयपाकघरात सगळ्यायसाठी भजे काढत होती. पहिल्याच मॅचले शेजाऱ्यायच्या घरून हळहळ ऐकू आली म्हणून काय झालं ते पाह्याले मी धावत बैठकीच्या दारात गेली, अन् आमच्या टीव्हीत ओपनर बोल्ड. दुसऱ्या मॅचले तसंच, दोनदा. तिसऱ्या मॅचले पुतण्यानं बोटं मोजली. सेमीफायनलले तं मले भज्याचं ताट दाराबाहेरूनच सरकवा लागलं.

फायनलच्या दिवशी पोरानं मले बाजूले घेतलं. “आई, आजच्या दिवस तू मांगच्या अंगणात बस. मनावर घेऊ नको. देशाचा प्रश्न आहे.”

देशाचा प्रश्न म्हणे! सून खाली मान घालून उभी होती. मी मांगं बाजेवर जाऊन बसली, डोक्यात नुसता जाळ. सकाळपासून डाळ वाटून वडे मी केले, त्या सगळ्यायपेक्षा मॅचमधलं मले जास्त समजते, अन् पनौती मीच. बापाच्या मांडीवर बसून मॅच पाह्यणारं पोरगं, त्याले आज आईची अडचण झाली.

अंगणाची भिंत शेजाऱ्यायच्या घराले लागून आहे. त्यायची जुनी डिश. आमच्या पोरानं यंदा डिश काढून टीव्ही नेटवर लावला. थोड्या वेळानं शेजारी सारे एकदम हळहळले. विकेट गेली असंल म्हणून मी उठली, अन् पोराचं बोलणं आठवून परत बसली. मंग अर्धा वडा खाऊन झाल्यावर आमच्या बैठकीतून हळहळ आली. मी तं जागची हाललीही नव्हती. पुढच्या विकेटले कान देऊन ऐकलं. पुन्हा तसंच, आधी शेजारी, मंग आमचे. नेटवरची मॅच मांगून येत होती. म्हणजे विकेट पडली म्हणून मी धावत जात होती, अन् हे शहाणे म्हणत होते की मी आली म्हणून विकेट पडली. कूलरच्या घरघरीत अन् टीव्हीच्या आवाजात बैठकीतल्यायले शेजारचं काहीच ऐकू येत नव्हतं.

शेवटच्या ओव्हरले शेजारी एकच गलका झाला, थाळ्या वाजल्या. आमच्या घरात अजून सामसूम. मी उठली, पदर खोचला अन् सरळ बैठकीत जाऊन उभी राह्यली. सारेच्या सारे माह्यावर खेकसले. जावयानं पोत्यावरूनच हात जोडले. पोरगा म्हणे, एक बॉल राह्यला, आताच्या आता बाहेर जाय.

“जिंकलो आपण,” मी म्हटलं. “शेजारी कवाच झालं. तुमचं नेट मांगं आहे. त्या विकेटाही अशाच मांगून येत होत्या.”

कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात आमच्या टीव्हीत शेवटचा बॉल पडला अन् साऱ्यायनं घर डोक्यावर घेतलं. पुतण्यानं मले उचलूनच घेतलं. पोरगा पाया पडला. आईचा पायगुण पाह्यला का, म्हणे, आली अन् जिंकलो. पुढच्या वेळी तुले पहिल्या बॉलपासून इथंच बसवू.

चार दिवस पनौती, आता लक्ष्मी. मले वाटलं होतं मी खूप ओरडीन, पण आवाज खालीच राह्यला.

“माह्या पायानं विकेट जात नाही बापा, अन् मॅचही जिंकत नाही. मले फक्त पाह्याची होती.”

त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग टीव्हीकडं. तिथं जाहिरात सुरू होती.