परग्रहाचा राजा आमच्या गोठ्यात

पंजाबरावला मी ओळखत होतो, असं लिहायलाही संकोच वाटतो. राळेगावच्या बाजूचं आमचं गाव. तिथं त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दिवाळीनंतर गावात दंडारीचा, म्हणजे नाच-सोंगांचा खेळ होई त्यात तो राक्षस बनायचा. बाकी त्याच्या मनात काय चाले, ते मला कधी कळलं नाही.

कपाशीवर लागोपाठ दोन वर्षं लाल्या रोग पडला, पीक गेलं. लोक पारावरही बसेनात. दंडार बंद पडली. तशात पंजाबराव यवतमाळला एक हिंदीत बोलणारा विलायती सिनेमा पाहून आला. लांबच्या ग्रहावरची भांडण न करणारी माणसं, त्यांच्यावर आकाशातून परग्रहाचा दुश्मन राजा उतरतो, आणि सगळी मिळून आपला ग्रह वाचवतात.

"भाऊ, याचीच दंडार करू," तो म्हणाला. "यंदाबी माणसं जमली नाही, तं घुंगरं मोडीत देतो. मंग दंडारीचं नावच नाही."

दुश्मनाचं जहाज म्हणून त्यानं माझीच बैलबंडी नेली. तिला पत्रे आणि सायकलची चाकं बांधली.

संध्याकाळी लोडशेडिंग, म्हणून खेळ दिवसाउजेडी ठेवला. माणसं आली ती मोजकीच, तीही गप्प. डोक्यावर टोपलं घालून पंजाबराव बंडीवरून गरजला, "हा ग्रह आता माहा हाय!"

उन्हं कलली होती. बैलांची घरी जायची वेळ. ते वळले आणि सरळ गावात शिरले.

"अबे, लढाई इकडं हाय!"

"दुश्मन पळाला रे!"

हसू फुटलं. बंडी ज्या घरापुढून जाई तिथून बायका-पोरं निघून मागं लागली. पंजाबराव कासरा ओढत गरजतच होता. बैल माझ्या गोठ्याशी थांबले तेव्हा सारं गाव अंगणात होतं.

माझी बायको इंदू हातात सूप घेऊन दारात आली. "काय जी भाऊजी, जिंकले का?"

"हारलो, वहिनी," टोपल्यातून आवाज आला. "चहा मांडा."

उरलेली दंडार आमच्या अंगणातच झाली. घुंगरं मोडीत गेली नाहीत. पुढं दर दिवाळीला दुश्मन आमच्याच गोठ्यात येऊन हरू लागला.

पंजाबराव वारला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या दुकानात हवा भरायला थांबलो होतो.

"भाऊ, बैल कसे हायेत?"

"थकले आता."

"घराचा रस्ता तं याद हाय ना?"

"हाय."

"मंग दंडारीचं जमलं. तो पंप तेवढा खिळ्याले अडकवा."