दोन्ही बर्फीच

राळ्याच्या दाण्यांचा धुळकट वास आला की मला आमच्या रायपूरच्या क्वार्टरची मागची गॅलरी आठवते, कारण बाबांनी गोल बाजारातून जोडी म्हणून आणलेले दोन शेंडीवाले पोपट तिथल्या पिंजऱ्यात असायचे. वर्ष झालं तरी एक अंडं नाही, म्हणून बाबांनी दोघांच्या छातीची पिसं मुळासकट उपटली आणि पाकिटात घालून डीएनए तपासणीला पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. "काय भाऊ, पेढे का बर्फी?" त्यांनी विचारलं. मुलगा झाला की पेढे वाटायचे आणि मुलगी झाली की बर्फी, ही आमच्यातली रीत. बाबा कागदावरची नजर न काढता म्हणाले, "दोन्ही बर्फीच. आपल्या घराले सवयच हाय." काकू पोट धरून हसल्या. आईचं लाटणं थांबलं, ताई उठून आत गेली. माझे कान असे तापले की जणू तो कागद माझाच होता आणि सगळ्यांनी तो वाचला होता. "एक बदलून आणतो," म्हणत बाबांनी खोका काढला. "कोणती?" आईनं विचारलं. "लहानी नेतो. मोठीचा लळा लागला आता." मग माझ्याकडे वळून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "चाल पोट्टे, तू बी चाल संग." मी दोघींतली धाकटी. आता सांगायला लाज वाटते, पण आजही बाबांसोबत गोल बाजारात गेले की मी स्कूटरवरून खाली उतरत नाही.