बावीस पावलं उत्तरेला

"ते शेतातले दगड आहेत, मॅडम. नांगराला लागायचे म्हणून कोपऱ्यात टाकलेत," खरेदीदाराचा मॅनेजर म्हणाला.

मी खाली पाहिलं. शेतातले दगड कुणी माणसाच्या लांबीएवढे, ओळीनं रचून ठेवत नाही. त्यांच्यावर चुना मारत नाही.

"हे कबरस्तान आहे," मी म्हणाले.

"सातबाऱ्यावर तसं कुठं लिहिलंय दाखवा."

हे मात्र तो खरं बोलत होता. सातबाऱ्यावर काहीच नव्हतं.

मी भूकरमापक होते. लोकांच्या भाषेत मोजणीवाली बाई. माहेर-सासर दोन्ही अकोल्याचं, पण नोकरीची शेवटची वर्षं अमरावती जिल्ह्यात डोंगराच्या बाजूच्या एका तालुक्यात गेली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचंय.

प्रकरण साधं होतं. अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं संत्र्याच्या पॅकिंगची शेड टाकायला गावालगतचं पाटलाचं शेत विकत घेतलं आणि मोजणीचा अर्ज केला. शेताला लागून जुनं चर्च, विटांचं, टिनाच्या छपराचं. लुथरन मंडळीचं. लुथरन हा ख्रिश्चनांमधला एक पंथ आणि मंडळी म्हणजे त्या चर्चची माणसं, हे मला तिथंच कळलं. चर्च आणि त्याची विहीर मिशनच्या जागेत होती, तिच्याबद्दल वाद नव्हता. कबरी मात्र विकल्या गेलेल्या शेताच्या कोपऱ्यात होत्या. अर्ध्या कोपऱ्यावरून ट्रॅक्टर आधीच फिरला होता.

कुंपणापाशी एक म्हातारी बाई उभी होती. पांढरं पातळ, हातात कापडात बांधलेलं काहीतरी. मॅनेजर तिच्याकडे न बघताच म्हणाला, "त्यांचं ऐकू नका. हे बाहेरचे लोक आहेत."

बाई ऐकत होती. म्हणाली, "बाहेरचे? तुमी कदी आले गावात?"

गावात येऊन त्याला चार महिने झाले होते.

तिचं नाव सुलोचनाबाई. तिनं कापड सोडलं. आत लांबट वही होती, मंडळीचं मरणाचं रजिस्टर. चर्चच्या पायरीवर बसून तिनं मला मंडळीची हकिकत सांगितली. दुष्काळात तिचा आजा बैतूलकडून घाट उतरून आला होता. मिशनच्या गोऱ्या साहेबानं विहीर खोदायला घेतली, त्या कामावर त्याला भाकरी मिळाली. पुढं तो साहेबासोबत गावोगाव फिरला, त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचा मुलगा, म्हणजे बाईचे वडील, इथले उपदेशक झाले. आठवडाभर शाळेत शिकवायचे, रविवारी उपासना घ्यायचे. मग मिशन बंद पडलं, साहेब मायदेशी गेले. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दोन-दोन महिन्यांनी यायचे, पुढं तेही येईनात. वडिलांच्या मागं बाईनंच रविवारची घंटा वाजवली, बायबलमधलं वचन वाचलं. आता अकरा घरं उरली होती.

"अन् जागा? ती कोणी दिली?" मी विचारलं.

"पाटलाच्या आजानं. त्याच्या पोराले मिशनच्या दवाखान्यातल्या मेमनं वाचोलं होतं. म्हणे, तुमची माणसं इथंच ठेवा. कागद नाई केला, पन तलाठ्याकून लिवून घेतलं होतं."

लिहून घेतलं असेल तर सापडलं पाहिजे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मी जुना हस्तलिखित सातबारा काढला. 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. जमिनीवर मालकाशिवाय आणखी कुणाचा हक्क असेल तर तो तिथं लिहितात. तिथं स्पष्ट शब्द होते: ख्रिस्ती लोकांची दफनभूमी. संगणकावर चढवताना कुणीतरी ती ओळ घेतलीच नव्हती. शेताच्या मालकाचं नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, विहीर बरोबर. तीन पिढ्यांची माणसं तेवढी टाइप करायची राहिली.

तो उतारा घेऊन मी आमच्या ऑफिसच्या साहेबांकडे गेले.

"तुम्ही आजचा सातबारा बघा ना," साहेब म्हणाले. "त्यावर नाही, विषय संपला."

"सर, मोजणीत वहिवाट दाखवावी लागते. जागेवर प्रत्यक्ष कुणाचा वापर आहे ते."

"मग दाखवा की. झाडंझुडपं म्हणून दाखवा. अकरा घरांसाठी कशाला डोकं लावता?"

मी उतारा घेऊन बाहेर आले. तीस वर्षं मी शेताच्या बांधावरचं आंब्याचं झाड सोडलं नव्हतं, बुजलेली विहीर सोडली नव्हती. आणि आता माणसांच्या जागी झुडपं काढायची?

ज्या कबरी दिसत होत्या, त्या दाखवणं सोपं होतं. प्रश्न नांगरलेल्या भागाचा होता. तिथं ढेकळांशिवाय काही नव्हतं, आणि बाईचे आई-वडील दोघंही त्याच भागात होते. मॅनेजर म्हणणार, इथं काय पुरावा?

मी रजिस्टर पुन्हा उघडलं आणि चकित झाले. उपदेशकांनी प्रत्येक नावापुढं जागा लिहिली होती. बाईच्या आईच्या नावापुढं होतं, 'विहिरीच्या कठड्यापासून बावीस पावलं उत्तरेला.' या माणसानं मोजणीच्या साखळीशिवाय, नकाशाशिवाय अख्ख्या कबरस्तानाची मोजणी करून ठेवली होती.

पण पाऊल केवढं? मी चालून पाहिलं तर भलतीकडेच पोचले.

"बाबा बुटके होते," सुलोचनाबाई म्हणाली. "अन् एक पाय वढत चालत."

पानं उलटता उलटता एक नोंद सापडली. विहिरीपासून चर्चच्या दारापर्यंत चाळीस पावलं. विहीर आणि दार दोन्ही अजून जागच्या जागी होती. मोजणीच्या मशीननं अंतर मोजलं, सव्वीस मीटर. म्हणजे उपदेशकांचं एक पाऊल पासष्ट सेंटीमीटरचं. बावीस पावलं म्हणजे चौदा मीटर आणि वर एक फूट.

तेवढ्या अंतरावर खूण केली. बाई एकदम म्हणाली, "खनू नोका!"

"खणत नाही. फक्त वरची माती सारते."

शेजारच्या मळ्यातले ज्ञानेश्वरभाऊ भाजी तोडायचं सोडून आले होते. ते आणि मी गुडघे टेकून हातानं ढेकळं बाजूला करू लागलो. नांगर फार खोल गेला नव्हता. थोड्या वेळानं विटांची कड लागली. तुटलेली, पण सरळ ओळीत.

"आईची होये," बाई म्हणाली. मग वहीतली आणखी एक नोंद दाखवली. ती तिच्याच अक्षरात होती: बाबा, आईपासून तीन पावलं. तिथंही विटा निघाल्या. त्यांच्यावर ट्रॅक्टरच्या चाकाची खूण होती.

बाई रडली नाही. मॅनेजरकडे वळून म्हणाली, "ह्यायच्यावरून गाडी काहून नेली?"

त्यानं मोबाइल काढला आणि तो लांब गेला. मी त्याला काय बोलले असते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी तिथंच पंचनामा लिहिला. पंच म्हणून सहीला कोण? ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "माही घ्या. मी काई ख्रिश्चन नाई. पन माह्या बापाले याच मास्तरानं अक्षर शिकोलं. या मास्तराच्या मातीले मी होतो." त्यांच्या मागं आणखी तिघांनी सह्या केल्या.

नकाशावर मी प्रत्येक कबर दाखवली. दिसणाऱ्या एकोणतीस, आणि रजिस्टरवरून तशाच मोजून काढलेल्या नांगराखालच्या चौदा. साहेबांनी नकाशा आठवडाभर टेबलावर ठेवला. मग मलाच कारणे दाखवा नोटीस आली: मोजणीस अवाजवी विलंब. मी उत्तरात जुन्या सातबाऱ्याची, रजिस्टरच्या पानांची आणि पंचनाम्याची प्रत जोडली आणि लिहिलं, यांपैकी कोणता कागद वगळायचा ते लेखी कळवावं. लेखी कुणी कळवलं नाही. नकाशावर सही झाली.

व्यापाऱ्यानं निमताना मोजणी मागितली. पहिली मोजणी मान्य नसली की वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो, ती. ते अधिकारी आले, रजिस्टर मागितलं, आणि माझ्यासारखंच विहिरीपासून मोजत गेले. त्यांचा नकाशा माझ्या नकाशाशी जुळला. शेड शेताच्या दुसऱ्या टोकाला झाली. कबरस्तानाला मंडळीनं काटेरी तार घातली, त्यासाठी खड्डे ज्ञानेश्वरभाऊंच्या घरच्यांनी खोदले.

हा विजय म्हणायचा तर म्हणा. मला अजून राग येतो. ती गाळलेली ओळ संगणकावर परत चढवावी म्हणून सुलोचनाबाईनं दिलेला अर्ज, मी निवृत्त झाले त्या दिवशीही 'कार्यवाही सुरू' होता. काढायला एक चूक पुरली. घालायला चौकशी, अहवाल, सुनावणी आणि पुन्हा चौकशी लागते. ज्यानं ती ओळ गाळली, त्याला कुणी नोटीस दिली नाही.

म्हणून कामाचं एवढंच सांगते. संगणकावरचा सातबारा हातात आला की जुना हस्तलिखित उतारा मागून घ्या. दोन्ही शेजारी ठेवा आणि एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहा. एखादी कमी निघाली तर लगेच अर्ज करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.