मास्तरांचं हिमोग्लोबिन

रक्त-लघवी तपासण्यात उभा जन्म गेला की किस्से किती साठतात, ते विचारू नका. कुणी नमुना काडेपेटीतून आणतं, कुणी अत्तराच्या बाटलीतून, आणि प्रत्येकाबरोबर एक गोष्ट येते. नमुना तपासून फेकून देता येतो, गोष्ट राहते. आम्ही जुन्या लॅबवाल्या मैत्रिणी भेटलो, की प्रत्येकीकडून वीस पेशंटांच्या वीस गोष्टी निघतात. माझ्याकडून बहुतेक एकाच माणसाच्या निघतात. भानुदास मास्तरांच्या.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी नगरला एका डॉक्टरांकडे लागले. दवाखान्याची मागची खोली म्हणजे लॅब. एक मायक्रोस्कोप, नळ्या गरगर फिरवणारं एक सेंट्रिफ्यूज आणि पूर्वेची खिडकी. मी बावीस वर्षांची, कोर्स नुकताच संपलेला, आणि एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नव्हतं. सेंट्रिफ्यूज अर्धा तास फिरायचं, तोवर मी खोलीत फिरायची.

मास्तर तिसगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. वय सव्वीस, पण दाढी-मिशी फुटलेली नाही, आवाज पोरासारखा, आणि दुपार झाली की हातपाय गळायचे. त्यांच्या शरीरात पुरुषाला लागणारं हार्मोन पुरेसं तयारच होत नव्हतं. डॉक्टरांनी त्यासाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी एक. मला म्हणाले, "सुमनताई, या औषधानं रक्तही वाढतं. वाढलेलं बरंच, पण फार वाढलं तर घट्ट होतं. तेव्हा याचं हिमोग्लोबिन तुमच्या ताब्यात."

पहिल्या दिवशी आकडा साडेअकरा आला; पुरुषाचा चौदा ते सतरा हवा. मास्तर मान खाली घालून म्हणाले, "अशक्तपणाची सुई चालू आहे मला." चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलेलं होतं, ते मी वाचलेलं होतं. मी म्हटलं, "हो, अशक्तपणा फार वाईट."

*

तीन-चार महिन्यांत मास्तरांचा आवाज फुटला. तोही दिवाळीच्या सुट्टीत.

सुट्टी संपली, शाळा भरली, मास्तरांनी पहिलीच्या वर्गात हजेरी घ्यायला तोंड उघडलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओठ काढून रडायला लागली. मास्तरांनी तिला जवळ घेतलं, काय झालं म्हणून विचारलं, तर ती आणखीनच रडायला लागली.

"आमचं गुर्जी कुठं गेलं?"

मास्तर हे लॅबमध्ये येऊन सांगत होते, तेव्हा हसत होते. आपल्या नव्या आवाजात हसायची त्यांना अजून सवय नव्हती. मध्येच थांबून ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

*

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा हिमोग्लोबिन डोळ्यांनी बघायचं असे. बारीक नळीत ॲसिड घ्यायचं, त्यात मोजून रक्त सोडायचं, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत राहायचं. एका सकाळी मास्तरांच्या नळीत मी पाणी घालतेय, घालतेय, रंग काही उतरेना. आकडा गेला साडेअठरावर. पुन्हा केलं. पुन्हा साडेअठरा. साडेअकराच्या माणसाचे साडेअठरा कसे होतील? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बाहेर दहा पेशंट खोळंबले होते. मी लिहिलं, साडेपंधरा.

पुढच्या खेपेला मास्तर आले ते चेहरा लालभडक, डोकं दोन्ही हातांत धरून. नगरला येताना करंजीच्या घाटात एसटीतच डोळ्यांपुढं अंधारी आली होती. डॉक्टरांनी हात धरून बसवलं, आणि मला म्हणाले, "पुन्हा बघा."

मी बघितलं. एकोणीस. मग मागचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घरी पाठवतील.

डॉक्टरांनी कागदावरचा माझा साडेपंधरा खोडला. मग म्हणाले, "आकडा पटला नाही तर माझ्याकडे यायचं. आकड्याची समजूत काढत बसायचं नाही."

त्या दिवसापासून मास्तरांचा प्रत्येक आकडा मी तीनदा काढला. आणि ते घरी सुखरूप पोहोचल्याचं पोस्टकार्ड येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे.

*

वाढलेलं रक्त कमी करायचं, म्हणजे काढूनच टाकायचं. एकेका खेपेला एक बाटली.

पहिली बाटली काढली त्या दिवशी मास्तरांबरोबर त्यांची आई आली होती. काटक बाई, पायात जाड वहाणा. मुलाच्या अंगात रक्त नाही म्हणून तिनं वर्षभर त्याला बीट, काळीज, खजूर, गूळ-शेंगदाणे, कुणी सांगेल ते खाऊ घातलं होतं. आत येऊन बघते तर मुलगा आडवा, आणि नळीतून त्याचं रक्त बाटलीत उतरतंय.

ती दारातच थांबली. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं, की सुईनं रक्त जास्त झालंय, घट्ट झालंय, गाठ होऊन मेंदूत किंवा छातीत अडकली तर जिवावर बेतेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्टर, आदी रगात न्हाई म्हून सुया टोचल्या. आता लई झालं म्हून काडून घेताय. तुमचं नक्की काय ठरलंय, ते एकदा दोगं बसून ठरवा."

दोघं म्हणजे डॉक्टर आणि मी. आम्ही खरंच बसलो. डॉक्टरांनी सुईचा डोस कमी केला. पण तोवर आकडा फार वर गेला होता, आणि तो उतरेपर्यंत आणखी तीन बाटल्या काढाव्या लागल्या.

*

रक्ताबरोबर लोह जातं, हे पुस्तकात असतं. आमच्या लक्षात ते खडूमुळे आलं.

मास्तरांच्या शाळेतले खडू संपायला लागले. महिन्याची पेटी आठवड्यात रिकामी. हेडमास्तरांना पोरांचा संशय. त्यांनी दप्तरं तपासली, खिसे तपासले, चौथीतल्या दोघांना उन्हात उभं केलं. तेव्हा मास्तरच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, त्यांना सोडा. खडू मी खातो."

हेडमास्तरांना वाटलं, माणूस पोरांना वाचवायला काहीही बोलतोय. मास्तरांनी खिशातून अर्धा खडू काढला आणि त्यांच्यासमोर खाऊन दाखवला.

आमच्याकडे आले तेव्हा लाजेनं अर्धे झाले होते. "वेड लागतंय का मला, डॉक्टर? फळा पुसताना तोंडाला पाणी सुटतं."

मी काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघितला. पेशी लहान लहान, फिकट, मधे पोकळ दिसणाऱ्या. अंगातलं लोह संपत आलं, की काहींना माती, खडू, राख असलं खावंसं वाटतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पण अगदी हात राखून. लोह जास्त दिलं तर सुई पुन्हा रक्त वाढवणार, आणि नाही दिलं तर मास्तर फळा खाणार.

महिनाभरानं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "आज दिवसभर खडू फक्त लिहायला वापरला."

*

मग दुष्काळाचं वर्ष आलं. मास्तरांचा आकडा पुन्हा चढून साडेसतरा. सुई कमी, गोळ्या बंद, तरी साडेसतरा. मी तीनदा काढला, आणि यावेळी तडक डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर येरझाऱ्या घालायला लागले. मीही. मास्तर तर कधी बाकावर बसतच नसत. तिघं तीन दिशांनी फिरतोय, आणि मला मास्तरांचे ओठ दिसले. सालं निघालेले.

"मास्तर, पाणी किती पिता?"

ते घुटमळले. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. शाळेच्या रांजणातलं पाणी पोरांना पुरावं म्हणून ते दिवसभर दोन कप चहावर काढत होते.

डॉक्टरांनी त्यांना तिथंच बसवलं, समोर तांब्या ठेवला. रात्री नगरातच थांबून पाणी पीत राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पावणेसोळा. रक्त वाढलं नव्हतंच, अंगातलं पाणी आटलं होतं.

डॉक्टरांनी नेहमीच्या कागदावर नेहमीच्या अक्षरात लिहून दिलं, "पाणी, रोज दहा पेले." मास्तरांनी सवयीनं तो कागद कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नेऊन दिला. दुकानदारानं वाचला, फळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचं?"

*

मास्तरांना आता मिशी होती, आवाज होता, म्हणून स्थळं यायला लागली. कर्जतकडचे एक मुलीचे वडील परस्पर दवाखान्यात आले. धोतर, कोट, हातात छत्री. डॉक्टरांसमोर बसून त्यांनी सरळच विचारलं, "त्या मास्तरला काय रोग हाय, तेवढं सांगा. दर म्हयन्याला रगात कशापायी तपासत्यात?"

डॉक्टर म्हणाले, "पेशंटचं दुसऱ्याला सांगत नसतो."

"मी सासरा व्हनार हाय त्याचा."

"ते झाल्यावर त्यालाच विचारा."

पाहुणे हलेनात. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं, खालची पापणी ओढून बघितली, आणि मला हाक मारली. मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला आठ.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझ्या पेशंटची चौकशी करायला आलात, ते बरं झालं. नाहीतर तुमची कुणी केली असती?"

पाहुणे जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या घेऊन गेले. ते लग्न मात्र झालं नाही. मास्तरांनीच कळवलं, की या आजारामुळे मला मूल होणार नाही, तेव्हा मुलीला आधी विचारा. उत्तर आलं नाही.

त्यानंतरच्या दोन खेपांना मास्तर नुसतं बोट पुढं करायचे, आणि आकडा न विचारता जायचे.

*

हळूहळू मेळ बसला. लहान डोस, तीन आठवड्यांनी एकदा, आणि लोह फक्त पेशी फिकट दिसल्या तर. आकडा पंधराच्या आसपास राहायला लागला. पण सुईसाठी मास्तर नगरलाच यायचे. गावातल्या कंपाउंडरला कळलं की गावाला कळणार. एसटी चुकली की सुई चुकायची. मग आठवडाभर माणूस ना वर्गात ना घरात.

एक दिवस त्यांच्याबरोबर कमल नावाची बाई आली. गावात शिवणाचा वर्ग चालवायची. नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी. मास्तरांनी तिला सगळं सांगितलेलं होतं, सुईपासून मुलाबाळापर्यंत, आणि सगळं ऐकूनच तिनं होकार दिला होता. लग्नाला महिना होता.

ती डॉक्टरांना म्हणाली, "सुई मला शिकवा. माज्या हातात रोज सुईच असती."

डॉक्टरांनी मला सांगितलं. काचेची सिरिंज उकळायची कशी, तेलकट औषध ओढायचं कसं, हवा काढायची कशी, टोचायचं कुठं, सगळं मी तिला दाखवलं. सरावाला मोसंबं दिलं. तिनं मोसंब्यात पाणी टोचलं, तेही असं, की भोक शोधून सापडेना.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी दोघं आली. पहिली सुई डॉक्टरांच्या देखत द्यायची, असं ठरलं होतं. मास्तर टेबलावर पालथे झाले. चार वर्षं सुया घेतलेला माणूस, पण त्या दिवशी मुठी आवळून पडले होते. डॉक्टर एका बाजूला, मी एका बाजूला.

कमलनं सिरिंज उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "गुर्जी, एकोनतिसाचा पाडा म्हना."

"आत्ता?"

"म्हना की."

मास्तर सुरू झाले. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा... तिथं अडखळले. मग उशीत तोंड तसंच ठेवून विचारलं, "कधी देणार?"

ती कापसानं जागा चोळत होती.

"दिली कवाच. पाडा पुरा करा."