महाराजांच्या गुदगुल्या

तारापूरला अणुशक्तीचं काम सुरू झालं, त्या सुमारास आमच्या दांडी गावच्या देवळात एक बाल कीर्तनकार आली होती. सहा-सात वर्षांची, नऊवारीत गुंडाळलेली. सगळे तिला महाराज म्हणत. संसार खोटा आहे, असं ती आम्हा लेकुरवाळ्यांना ओरडून सांगत होती. अडली की मागून बाप पुढचा शब्द पुरवी.

कीर्तन संपल्यावर बायका पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या. पायाला हात लागला की महाराज ओठ चावून छताकडे बघत. मी वाकले तेव्हा ती कुजबुजली, "मावशी, हात नका लावू. गुदगुल्या होतात. हसले की बाबा मारतात."

मी चारचौघांत तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र मागे वळून म्हणाले, "बायांनो, लांबूनच नमस्कार करा."

"का गो? सोवल्यात हाय काय?"

"हाय."

पोरीनं चावलेला ओठ सोडला. बापालाही ते फार आवडलं. पुढे शिरगावच्या कीर्तनात तो स्वतःच ओरडत होता म्हणे, "लांबून! महाराजांना शिवायचं नाही!"

पोरीचा मार वाचला खरा. पण मग तिला उचलून घेणारंही कुणी उरलं नसेल, आणि ते माझ्यामुळे.