हार घातलेला जर्मन

अंबरनाथ एमआयडीसीतून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात माझे पप्पा चढले की रिक्षावाला आधी सीटवर कागद पसरायचा. रंगाच्या कारखान्यातल्या माणसासाठी ही खास सोय. २००४च्या सुमारास ते कागद बहुतेक मी लिहिलेली पत्रकं असायची. सकाळी गेटवर मी ती वाटायचे आणि संध्याकाळी माझी क्रांती कामगारांच्या बुडाखाली सुरकुतायची.

पप्पा तिथे अकरा वर्षं ठेकेदारामार्फत काम करत होते. कंपनीच्या हजेरीपुस्तकात नाव नाही, म्हणून कामगार विम्याचं कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून इस्पितळ नाही. हे माझं तीन पत्रकांत लिहून झालं होतं. मग एका सकाळी पप्पा मोरीतून आले आणि आईला म्हणाले, "लघवी लाल होतेय. मॅजेंटाची बॅच आहे ना, रंग उतरत असेल."

मॅजेंटाची बॅच संपून महिना झाला होता. तेव्हा निळा चालू होता.

कारखान्याचा शेठ मुळात केमिस्ट. त्याच्या केबिनमध्ये एका जुन्या जर्मन केमिस्टचा फोटो होता. कोळशाच्या डांबरातून रंग काढून तो मोठा कारखानदार झाला होता. फोटोला रोज झेंडूचा हार, उदबत्ती आणि कपाळावर कुंकू. आपल्यावर कुठला प्रयोग चाललाय हे न कळल्यासारखा तो दाढीवाला समोर बघत असे.

एक दिवस शेठने मला बोलावून घेतलं. हातात माझंच पत्रक.

"हे तू लिहितेस? भाषा चांगली आहे. आग थोडी कम कर. वर्धापनदिनाला मुंबईचं मोठं गिऱ्हाईक येतंय. या साहेबाचं चरित्र लिही, दोन पानं. शेवटी टाक, अंबरनाथलाही असा एक माणूस आहे."

"कोण?"

शेठने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू लिही. पप्पांचं नाव हजेरीवर घ्यायचं बघू."

मालकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसणाऱ्या पुढाऱ्यांवर मी अख्खं पत्रक काढलं होतं. हो म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं.

उल्हासनगरच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. त्या जर्मनाने कामगारांसाठी डॉक्टर नेमला होता, आजारपणासाठी निधी काढला होता, घरं बांधली होती. आणि रंगाचं पाणी बिनदिक्कत नदीत सोडलं होतं. मी सगळं लिहिलं. शेठने लाल पेन घेतलं आणि डॉक्टर, निधी, घरं, तिन्ही उडवली. नदीवर मात्र पेन थांबलं.

"हे राहू दे. बघ, त्याच्या पण नदीला रंग येत होता! उगाच आपल्या वालधुनी नदीच्या नावाने बोंबलतात लोक."

वाचायला पप्पांना उभं करायचं ठरलं. विहारात दर पौर्णिमेला पप्पाच ग्रंथ वाचायचे, आवाज खणखणीत. शिवाय स्तुती कामगाराच्या तोंडून आली की शेठला गोड लागते. कागद देताना मी सांगितलं, "पप्पा, लाल रेघ मारलीय ते सोडा." ते "बरं" म्हणाले.

वर्धापनदिनाला पप्पांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या लाल रेघेशी थांबले, चष्मा वर सरकवला आणि वाचलं. डॉक्टर वाचला, निधी वाचला, घरं वाचली. सोडली ती फक्त शेवटची ओळ, अंबरनाथच्या माणसाची. तिच्यावर तर रेघही नव्हती.

मुंबईचा पाहुणा खूश झाला. "वा! मग शेठ, तुमच्याकडे डॉक्टर कधी येतो?"

"सोमवारी," शेठ म्हणाला.

"कुठल्या?"

"ह्याच."

"मग मी पण येतो, बघायला."

घरी येताना मी पप्पांना विचारलं, "सोडा म्हटलं होतं ना?"

"लाल दिसलं की आता सोडून देता येत नाही, पोरी."

सोमवारी कारखान्यात खरोखरच डॉक्टर आला. त्याने आधी यादी मागितली: कोण किती वर्षं रंगात काम करतोय? त्याशिवाय तपासणार कसं? पाहुणा शेजारीच चहा पीत होता. कारकुनाने कंपनीच्या लेटरहेडवर नावं टाईप केली, पुढे कामाला लागल्याचं वर्ष. शेठने ऐटीत सही ठोकली, वर शिक्का. ठेकेदाराच्या माणसांची नावं कंपनीच्या कागदावर यायची ती पहिलीच वेळ. दुपारपर्यंत मी स्टेशनसमोरच्या दुकानातून त्या यादीच्या झेरॉक्स काढल्या होत्या.

विमा कार्यालयातल्या साहेबाने शिक्का उजेडात धरून पाहिला. तीन पत्रकांनी जे झालं नाही ते शेठच्या एका सहीने झालं, हे मला आजही झोंबतं.

डॉक्टरने पप्पांना मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली होती. कार्ड हातात येताच गेलो. मूत्राशयात गाठ होती. वेळेत काढता आली.

दाखल करताना खिडकीतल्या बाईंनी कार्ड मागे सरकवलं होतं. "काका, फोटो बदलून आणा. प्रिंट बिघडलीय, कान निळे आलेत."

पप्पांनी टोपी काढली आणि खिडकीत वाकून तिला कान दाखवला.