वाढत्या अंगाचा रॉड

मासेमारीचं एक बरं आहे. मासा लहान निघाला तर कायद्याने परत पाण्यात सोडावा लागतो. किश्श्याला तसला नियम नाही. तो कितीही छोटा असो, गाडीत घालून घरी आणता येतो, आणि वॉलॉंगॉंगला पोचेपर्यंत त्याला कल्ले, शेपूट, मिशा सगळं फुटलेलं असतं. आमच्या बोटीत असे इतके किस्से साठलेत की माशांना जागाच उरत नाही. माशांची अजून तरी तक्रार आलेली नाही.

बोटीत आम्ही तिघं. बोट गिरीशची. तो पोर्ट केम्बलाच्या बाजूला इंजिनीअर आहे, सहा फुटी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एक्सेल शीट आहे. दुसरा नितीन, पुण्याचा, युनिमध्ये शिकवतो. तिसरी मी, शुभा. मूळची डोंबिवलीची, इथे हॉस्पिटलात फार्मसिस्ट. उंचीने एवढीशी की औषधांच्या वरच्या फळीसाठी मला स्टूल लागतं. ते स्टूल कोणी हलवलं की मी भांडते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

*

नितीन शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. पण गळ टाकायला सगळ्यात पुढे. मासा लागला की हात ओले करून त्याला अलगद धरतो, गळ काढतो, "सॉरी हं, फार लागलं का?" असं त्याला विचारतो आणि सोडून देतो.

एकदा आम्ही पाण्यात असतानाच त्याच्या आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नितीनच्या हातात मासा, तो काकूंना दिसला.

"नितीन, तू हे खायला लागलास?"

"नाही गं आई. आम्ही पकडतो आणि सोडून देतो."

काकूंनी चेहरा स्क्रीनच्या आणखी जवळ आणला. मग म्हणाल्या, "मग पकडता कशाला?"

नितीनने गिरीशकडे बघितलं, गिरीशने माझ्याकडे. मी पाण्याकडे. शेवटी नितीन म्हणाला, "आई, आवाज कट होतोय," आणि त्याने फोन ठेवला. नेटवर्क फुल होतं.

*

गेल्या वर्षी माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सर्जन भला माणूस. शेवटच्या व्हिजिटला म्हणाला, "फिशिंग? आता काहीतरी हलकं बघ ना. गार्डनिंग कसं वाटतं?"

मी विचारलं, "तू वीकेंडला काय करतोस?"

"सर्फिंग."

केस माझ्यापेक्षा पांढरे. मी म्हटलं, "मग गार्डनिंग तू कर. मी मासे पकडते."

तोऱ्यात बाहेर पडले खरी, पण पुढे बोटीजवळ गेले तेव्हा खरी तिडीक गेली डोक्यात. बोटीत टोकाला एक उंच सीट आहे. पहिला गळ तिथून पडतो. ती सीट पहिल्यापासून माझी. आणि तिच्यावर आता काय होतं? एस्की. बर्फाचा डबा. माझ्या जागी धड एखादा माणूससुद्धा बसवला नव्हता या लोकांनी.

"अगं, तू आता आमची कोच," गिरीश म्हणाला. "काठावर बस निवांत. चहा आण."

"मला माझी सीट हवी."

"ज्याच्या हातात रॉड त्यालाच सीट. हा रूल तूच केलायस."

केला होता. माझा नवरा विवेक नुसता सँडविच खायला बोटीत येऊन बसायचा, त्याला उतरवण्यासाठी केला होता. आता तो माझ्याच गळ्यात पडला.

आम्ही पकडतो तो मरी कॉड. इथल्या गोड्या पाण्यातलं धूड. सप्टेंबरपासून त्याला पकडायची बंदी लागते, म्हणून ऑगस्टअखेर आमची शेवटची ट्रिप. त्या ट्रिपला पुढच्या सीटवर मीच बसणार, हे मी तिथल्या तिथे जाहीर केलं. कोणी मनावर घेतलं नाही.

*

कॉडचा नकली मासा, म्हणजे ज्याला गळ लावतात तो, चांगला जड असतो. तो फेकायला दोन्ही हात लागतात. उजवा वर, दोरी गुंडाळायच्या रीलपाशी. डावा खाली, हँडलच्या टोकाला. उजव्याने ढकलायचं, डाव्याने ओढायचं. मी म्हटलं, मग प्रश्न काय आहे? सगळा जोर डाव्या हातावर घेऊ, खांद्याला सुट्टी.

गिरीशने स्वतःचा रॉड दिला. "हा फेकून दाखव, सीट तुझी."

आम्ही तिघं शनिवारी ओव्हलवर, म्हणजे इथल्या मैदानावर गेलो. गिरीशच्या रॉडचं हँडल त्याच्या मापाचं. त्याचं टोक माझ्या बरगडीला टोचत होतं, डावा हात तिथवर पोचेपर्यंत मी अर्धी वाकडी. तरी मी हट्टाने फेकला. हँडल जॅकेटच्या खिशात अडकलं, मी गर्रकन फिरले, आणि नकली मासा पुढे जायच्या ऐवजी मागे उभ्या असलेल्या नितीनची टोपी घेऊन गेला.

"पकडलीस," नितीन म्हणाला. "आता सोड."

गिरीश मात्र गंभीर. "शुभा, खांदा तयार नाही तुझा."

"खांद्याला काय झालंय? तुझा दांडा मला मोठा आहे."

"हँडलची लांबी स्टँडर्ड आहे. मी शीट बनवलंय."

"कुणाच्या उंचीवर?"

यावर तो लॅपटॉप आणायला गाडीकडे गेला. शीटमध्ये उंचीचा कॉलमच नव्हता.

*

मग दुकान. माझ्याबरोबर विवेक आणि आमची लेक ईशा. दुकानदाराने मला आपादमस्तक पाहिलं (आपादमस्तक पाहायला फार वेळ लागत नाही) आणि एक जांभळा रॉड काढला. नाजूक. लेडीज मॉडेल.

"यावर कॉड येईल?" मी विचारलं.

"यावर कॉड आला तर रॉड त्याच्याबरोबर जाईल, लव्ह."

"मग तो येणारा दाखव."

त्याने कोपऱ्यातला एक जाडजूड काढला. मस्की रॉड. मस्की हा अमेरिकेतला मासा, तो इथे कुठेच नाही. पण त्याच्यासाठी केलेला रॉड इथे कॉडला चालतो. दुकानदार म्हणाला, "तुझ्यासाठी हा म्हणजे झाडूचा दांडा होईल."

"झाडू रोज मारते मी, मेट. दे इकडे."

त्या रॉडच्या हँडलचा खालचा भाग नळीसारखा आत-बाहेर सरकत होता. हवी तेवढी लांबी ठेवायची आणि पिळून लॉक करायचं. मी पूर्ण आत सरकवला. टोक कोपराच्या जरा पुढे आलं. डाव्या हाताने ओढून पाहिलं. खांद्याला कळलंसुद्धा नाही. खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं त्या दुकानात.

तेवढ्यात विवेक म्हणाला, "छान आहे. पण एवढा आखूड का ठेवतेस? लांब ठेव जरा. ईशालाही होईल पुढे."

झालं. लहानपणी माझा शाळेचा युनिफॉर्म आला की आई म्हणायची, वाढत्या अंगाचा घेतलाय. स्कर्ट पार पोटऱ्यांपर्यंत, कंबरेला सेफ्टी पिन, खाली ही एवढी दुमड, दरवर्षी थोडी थोडी उसवायची म्हणून. स्वेटर वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या, बोटांपुढे कापूस घालून. सगळं वाढीव आणलं, फक्त अंग वाढलं नाही. दहावीच्या सेंड-ऑफलाही ती दुमड तशीच होती.

"विवेक," मी म्हटलं, "पन्नाशीला आले मी. आता कुठलं वाढतंय अंग?"

"तसं नाही गं, सोय आहे तर..."

"आणि ईशाला मासे आवडतात का, विचारलंस?"

ईशा फोनमधून मान वर न करता म्हणाली, "डॅड, आय हेट फिश. मम, जस्ट गेट इट."

घेतला. गिरीशला फोटो पाठवला तर त्याचा मेसेज, "हलणारा पार्ट म्हणजे बिघडणारा पार्ट." नितीनने लिहिलं, "मासा अमेरिकेत, रॉड वॉलॉंगॉंगला. हा पण पीआर व्हिसावर आलाय का?"

*

आता घरात एक नवीनच गंमत सुरू झाली. विवेकने गाडी चालवली की ड्रायव्हरची सीट मागे गेलेली असते आणि सकाळी माझे पाय ब्रेकला पोचत नाहीत. अगदी तसं या रॉडचं व्हायला लागलं. मी आखूड करून ठेवावा, सकाळी बघावा तर लांब. विवेकने त्याच रॉडने छताची जळमटं काढलेली.

त्या महिन्यात आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. विवेकने हौसेने रॉड बाहेर आणला. मग काय, एकेक पुरुष उठला. प्रत्येकाने हातात घेतला, "जरा छोटा वाटतोय नाही?" म्हणून हँडल बाहेर ओढलं, हवेत दोनदा फिरवला आणि पुढच्याकडे दिला. पुढच्याने आणखी ओढला. एकाने तर आयुष्यात मासेमारी केलेली नव्हती. तोही म्हणाला, "लेंग्थ पाहिजे."

मी पोळ्यांचा डबा हातात घेऊन बघत होते. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ज्या मापावर होता ते कुणाचं माप होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी विवेक गॅरेजमधून ओरडला, "अगं, लेटरबॉक्ससाठी आणलेली इपॉक्सी कुठे गेली?"

"बाकावर आहे. जराशी वापरली मी."

"कशाला?"

"काम होतं." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तो विषय तिथेच राहिला.

*

शेवटची ट्रिप. आतल्या भागातलं धरण, सकाळची बोचरी थंडी, पाण्यावरून वाफ निघतेय. काठावर गिरीश म्हणाला, "फेक." मी फेकला. समोर पाण्यात वाळकी झाडं उभी होती, त्यांच्या अगदी बुंध्याशी जाऊन पडला.  गिरीशने स्वतः एस्की उचलून मधे ठेवली आणि मी माझ्या सीटवर चढले.

दुपार झाली तरी काही नाही. नितीनने सगळ्यांचे डबे संपवले. गिरीश म्हणाला, "थकलीस तर सांग." मी नाही सांगितलं. थकले होते.

आणि मग पाण्यातून कोणीतरी दार आपटावं तसा दणका बसला. रॉड वाकला. मी उभी राहिले, टोक पोटाशी घट्ट धरलं, डाव्या हाताने ओढायला लागले. मासा खाली, आणखी खाली. उजवा खांदा कुरकुरायला लागला.

"हँडल बाहेर काढ," गिरीश मागून ओरडला. "लांब कर, जोर मिळेल. एवढ्यासाठीच तर सोय असते ती."

"राहू दे."

"अगं, सुटेल तो. थांब, मी करतो." बोट डगमगवत तो पुढे आला, खाली वाकला आणि त्याच्या भल्या मोठ्या पंजाने हँडल पिळलं. हललं नाही. दोन्ही हातांनी पिळलं. "शुभा, लॉक जाम झालंय. बघ, मी म्हटलं होतं."

"जाम नाही झालेलं. चिकटवलंय."

"काय?"

"इपॉक्सीने चिकटवलंय. बाजूला हो, मला जागा दे."

तो बाजूला झाला. मी ओढलं, गुंडाळलं, परत ओढलं, आणि शेवटी पाण्यावर एक हिरवट, ठिपक्याठिपक्यांचं, कलिंगडाएवढं डोकं आलं. नितीनने जाळं खाली घातलं. एवढा मोठा कॉड ठेवता येत नाही, कायद्यानेच सोडायचा असतो. नितीनने हात ओले केले, गळ काढला, "सॉरी हं, दमलात का?" म्हणाला. त्याने माशाला अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मासा हळूच शेपटी हलवून खाली गेला.

मी सीटवर बसले.  गिरीश माझा रॉड घेऊन अजून ते हँडल पिळून बघत होता.

"पण मग," तो म्हणाला, "ॲडजस्टेबल घेतलास कशाला?"

नितीनने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे. उंच सीट ती, माझे पाय लोंबकळत होते.

मी म्हटलं, "गिरीश, ती एस्की जरा इकडे सरकव. पाय ठेवायला."